सहपत्र क्रमांक सात

"पाटल्या काढ म्हणतोय तो," मी आईला सांगितलं.

"दोन्ही?"

"दोन्ही. मशीन ओरडतंय ना!"

आईने खोट्या सोन्याच्या दोन्ही पाटल्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि त्या युनिफॉर्मवाल्या उंच माणसाकडे बघून इतकं गोड हसली, की त्याला वाटलं असेल, बाई इथे रोज येते. खरं म्हणजे आठ वर्षं आई युनिफॉर्म दिसला की रस्ता बदलत होती. पोस्टमन, शाळेच्या बसचा ड्रायव्हर… एकदा तर परेडमधल्या एका ट्रंपेटवाल्याला बघून आम्ही दोन गल्ल्यांचा वळसा घातलाय. आणि त्या जानेवारीच्या सकाळी ती आपण होऊन न्यूयॉर्कमधल्या, क्वीन्सच्या फॅमिली कोर्टात शिरत होती. हातात डबा.

"डब्यात काय आहे विचारतोय."

"घावणे म्हणून सांग. आणि चटणी. खातो का विचार."

मी विचारलं नाही. आता मी बारावीत आहे, डिबेट टीमची कॅप्टन आहे आणि मला गप्प करायला सरांना घंटा वाजवावी लागते. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा घसाच बंद व्हायचा. आईचं इंग्रजी कच्चं म्हणून मी ऐकून तिला मराठीत सांगायचे, तेवढंच.

मी सहा वर्षांची असताना आई मला घेऊन वेंगुर्ल्याहून तिच्या मावसबहिणीकडे फिरायला म्हणून आली. व्हिसा सहा महिन्यांचा. सहा महिने झाले, वर्ष झालं, मावसबहीण टेक्सासला गेली, आम्ही राहिलो. आई एका ड्रायक्लीनरच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायला लागली. राहायचे कागद दोघींकडेही नव्हते. म्हणजे मी कितीही मार्क मिळवले तरी पुढे नोकरी नाही, आणि एखाद्या दिवशी कुणी पकडलं, तर जिथे आता मला एक माणूस ओळखत नाही त्या गावी परत.

मग आमच्या शाळेच्या काउन्सेलरने फुकट काम करणाऱ्या एका लॉयरशी गाठ घालून दिली. मिस ओर्तेगा. तिने सांगितलं, रस्ता आहे, पण तो फॅमिली कोर्टातून जातो. कोर्टाने तीन गोष्टी लिहून द्यायच्या: आई माझी पालक, वडिलांनी मला टाकलंय, आणि मला भारतात परत पाठवण्यात माझं भलं नाही. तो कागद घेऊन मग मोठ्या सरकारी ऑफिसात जायचं आणि या देशात राहायची परवानगी मागायची. त्या कागदाशिवाय मोठं ऑफिस दारसुद्धा उघडत नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली होती, "म्हणजे मी हिची आई आहे, हे मी अर्ज करून मागायचं?"

"हो," मिस ओर्तेगा म्हणाली होती.

"मग कळा दिल्या त्या कुठल्या खात्यात?"

हे मी भाषांतर केलं नाही.

कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही बाकावर बसलो. मिस ओर्तेगा फायली सांभाळत आली, माझ्याशेजारी टेकली आणि आईकडे बघत म्हणाली, "आत जाण्याआधी हे मला पुन्हा सांगावं लागतं. हा रस्ता फक्त मैथिलीचा आहे. पुढे ती इथली नागरिक झाली तरी आईच्या कागदांसाठी कधीच अर्ज करू शकणार नाही. कधीच नाही. सांग तिला."

मी आईकडे तोंड वळवलं आणि शब्द जुळवत राहिले.

"कळलं गो," आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलंय तिने मला, फोनवर मराठी बोलणारा माणूस घेऊन. तू नको सांगू. केसातली क्लिप सरळ कर आधी."

आता बाबांचं सांगायला हवं. बाबा बोटीवर असतात. निदान वेंगुर्ल्यात, क्वीन्समध्ये, मराठी मंडळात आणि आमच्या वाण्याच्या दुकानात सगळ्यांना हेच माहीत होतं. ते खरंच बोटीवर गेले होते, मी चार वर्षांची असताना. आईने लॉयरच्या केबिनमध्ये दार लावून प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "बाबांनी टाकलं असं लिहिलंय त्यात. तू मनावर घेऊ नको हां. कोर्टाची पद्धत असते तशी. खरं नाही ते. त्यांना रजा मिळत नाही म्हणून येत नाहीत."

"बरं," मी म्हटलं होतं.

तेवढ्यात लिफ्टमधून विजूताई आल्या. विजूताई भाटवडेकर म्हणजे आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या बाई. डोंबिवलीत तीस वर्षं हायस्कूलमध्ये शिकवून मुलाकडे आल्या आणि इथे एका चर्चच्या तळघरात आम्हा वीस पोरांना शुद्धलेखन घालू लागल्या. माझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असं आईने त्यांना सांगितलं होतं. कशासाठी, तर "पालकत्वाचे कागद आहेत, ह्यांना बोटीवरून येता येत नाही ना."

"नूतन, काळजी नको," विजूताई कोटाची बटणं काढत म्हणाल्या. "मी कोर्टाला परस्पर रजिस्टर पोस्टाने एक संच पाठवलाय. लॉयरला नुसतं पत्र दिलं होतं, एकच पान हवं म्हणाली ती. एक पान! म्हटलं, असं कसं? पुरावे नकोत? सोबत अकरा सहपत्रं जोडली. चित्रकलेची परीक्षा, पाठांतर, श्लोक, सगळं. प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर माझ्या सहीने."

मिस ओर्तेगाला मराठी येत नव्हतं, पण फाइलमधून तिने एक जाड गठ्ठा काढला आणि सातवा कागद माझ्यासमोर धरला.

"हे काल संध्याकाळी कोर्टाकडून माझ्याकडे आलं. हे तू लिहिलंयस?"

वर मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेचं पान. माझा दहा वर्षांची असतानाचा फोटो, दोन वेण्या. *माझे बाबा. लेखिका: कु. मैथिली दिगंबर तांडेल. निबंध स्पर्धा, प्रथम क्रमांक.*

"जजने हे खरं धरलं," मिस ओर्तेगा हळू म्हणाली, "तर वडिलांनी टाकलंय असं ती लिहूच शकत नाही. आणि तिने ते लिहिलं नाही, तर आपली केस इथेच संपली. मैथिली, हे खरं आहे का?"

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "माझा निबंध वाचला म्हणे."

"आवडला ना?"

तेवढ्यात दार उघडलं आणि आमचं नाव पुकारलं.

कोर्टाची खोली आमच्या वर्गाएवढीही नव्हती. जजबाई पांढऱ्या आखूड केसांच्या, चष्मा साखळीला. आई आणि मी लॉयरजवळ टेबलाशी, विजूताई मागच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन. टेबलावर एक स्पीकरफोन. त्यातून कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातले दुभाषी काका बोलू लागले.

"नमस्कार. मी आपला दुभाषी. न्यायालयात जे बोललं जाईल ते सर्व मी भाषांतरित करीन. आपण सत्य कथन कराल अशी शपथ घेता काय?"

रेडिओवर बातम्या लागल्यासारखी आई सावरून बसली. "घेते."

जजबाईंनी विचारलं. काकांनी सांगितलं, "पाल्याच्या पित्याने पाल्याचा परित्याग केला आहे काय?"

"जरा सोप्यात सांगा हो."

काकांनी घसा साफ केला. "म्हणजे… टाकलंय का तुम्हाला, असं विचारतायत."

आईच्या आत्याला नवऱ्याने टाकलं होतं. वेंगुर्ल्याला कुणाच्याही लग्नात तिला मागच्या दारी नारळ खोवायला बसवायचे. पुढच्या दारी फोटो निघायचे आणि ती मागे खोवत बसायची. आई तिच्याबद्दल बोलताना आजही आवाज खाली आणते. तोच शब्द आता टेबलावरच्या त्या डबीतून खणखणीत आला होता, आणि मागे विजूताई बसल्या होत्या, म्हणजे रविवारपर्यंत अख्खं मंडळ.

आईने मागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जास्त वेळ पाहिलं.

"ते… बोटीवर असतात," ती म्हणाली.

मिस ओर्तेगाने डोळे मिटले.

जजबाईंनी चष्मा लावला. "माझ्याकडे मुलीचा एक निबंध आलाय," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. माझा निबंध त्या इंग्रजीत वाचत होत्या आणि काका तो परत मराठीत करत होते, माझ्या मूळ मराठीपेक्षा कितीतरी भारदस्त.

"'माझे पिताजी जहाजावर कप्तानाच्या खालोखाल आहेत. ते प्रत्येक रविवारी मला दूरध्वनी करतात. लाटांच्या आवाजामुळे मला नीट ऐकू येत नाही. प्रत्येक दिवाळीस ते नव्या बंदरातून मला फ्रॉक पाठवतात. सिंगापूरहून पिवळा आला. रॉटरडॅमहून लाल आला. ते मला अगदी बरोबर होतात, कारण पिताजींना माझे माप पाठ आहे.'"

मागून विजूताईंचं हलकेच "वा" ऐकू आलं. सवय!

जजबाईंनी कागद खाली ठेवला. "मिसेस तांडेल, प्रतिज्ञापत्रात तुम्ही म्हणता की दहा वर्षांत या माणसाचा काही संपर्क नाही. इथे मुलगी म्हणते दर रविवारी फोन, दरवर्षी कपडे. यातलं खरं काय?"

आईचे हात टेबलाच्या कडेवरून फिरत होते, कापड चाचपावं तसे.

"हिला बाहेर पाठवा," ती शेवटी म्हणाली. "मुलीला बाहेर पाठवा, मग सांगते."

काकांनी भाषांतर केलं. जजबाई माझ्याकडे बघू लागल्या. मिस ओर्तेगा उठायला लागली. आणि मी… खरं सांगते, मी ठरवलं बिरवलं नव्हतं काही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

"मला बाहेर जायचं नाहीये," मी इंग्रजीत म्हटलं. आवाज फाटला, पण निघाला. "मला माहीत आहे. फ्रॉक आई शिवते."

आईला तेवढं इंग्रजी कळलं. "काय बोलतेस गो?"

"तू शिवायचीस ना," मी मराठीत म्हटलं. "रॉटरडॅमच्या लाल फ्रॉकला खाली दोन बोटं कापड आत दाबलेलं होतं, पुढच्या वर्षी उसवायला. दुकानातल्या फ्रॉकला कोण एवढं कापड सोडतं? आणि आतून निळा दोरा. माझ्या शाळेच्या स्कर्टचा."

आणि स्पीकरमधून काका, शपथेला जागून, एकेक शब्द इंग्रजीत सांगत होते. दोन बोटं कापड. निळा दोरा. कोपऱ्यात टायपिंग करणाऱ्या बाईंची बोटं पळत होती.

"लाल संपला होता," आई म्हणाली. "म्हटलं, आतून कोण बघतंय!"

"आई म्हणते," काका इंग्रजीत म्हणाले, "लाल दोरा संपला होता. तिला वाटलं, आतल्या बाजूने कोणी पाहणार नाही."

"कधी कळलं तुला?"

"तिसरीत."

"तिसरीत! अगं शहाणे, मग पुढे पाच वर्षं मला दिवाळीच्या तोंडावर चोरून शिवायला का लावलंस? बाथरूममध्ये बसून शिवलेत मी!"

"आई म्हणते," काकांचा आवाज जरासा हलला, "की हे अतिशय शहाण्या मुली, तिने ते स्नानगृहात बसून शिवले आहेत."

जजबाईंनी तोंडावर हात धरला होता. थांबवलं मात्र नाही.

"तू खूश असायचीस," मी म्हटलं. "पार्सल उघडताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. मग मी काय सांगणार?"

एकदम काही आठवल्यासारखं आईने विचारलं, "आणि फोन? निबंधात फोन लिहिलायस. तो कोण करायचं? मी तर नाही केला."

हे मात्र मला सांगायचं नव्हतं. पण उभी होतेच.

"कुणी नाही. मराठी शाळा सुटली की सगळ्यांचे बाबा न्यायला यायचे. तुझं दुकान सहाला सुटायचं. मग मी तुझा तो बंद पडलेला फोन कानाला लावून जिन्यात उभी राहायचे. म्हणजे कुणी विचारायला नको."

काका भाषांतर करायचे थांबले. मग हळूच त्यांनी ते पूर्ण केलं.

आईने माझा हात ओढून मला खाली बसवलं. घट्ट धरून ठेवला. तो तसाच धरून ती स्पीकरफोनकडे वळली, जणू तोच जज आहे, आणि तिची घरातली मालवणी बाहेर पडली.

"आमका टाकून गेलो तो. धा वर्सां झाली."

स्पीकर खरखरला. "मॅडम, आवाज तुटला. नीट ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

दहा वर्षांत पहिल्यांदा तिने तो शब्द चारचौघांत, खरा म्हणून तोंडातून काढला होता, आणि आता तो परत काढायचा! मला त्या काकांचा गळा धरावासा वाटला. पण आई पुढे झुकली. कोळणीने भाव सांगावा अशा आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली:

"माझ्या नवऱ्याने आम्हाला टाकलं! मला आणि हिला. दहा वर्षं झाली. एक फोन नाही, एक चिंधी नाही. गुजरातेत कांडल्याला दुसरं घर केलंय त्याने. फ्रॉक मी शिवलेत. सगळे. लिहा."

जजबाईंनी मिस ओर्तेगाकडून एक पाकीट मागून घेतलं. कोर्टाने बाबांच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस, 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आलेली. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "मैथिली, आईने तुझी पालक व्हावं असं तुला वाटतं?"

"ती आहेच," मी म्हटलं. मग मिस ओर्तेगाचा चेहरा बघून घाईघाईने म्हटलं, "म्हणजे, हो. येस, युअर ऑनर."

त्यांनी लिहिलं. तिन्ही गोष्टी लिहिल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये विजूताई भिंतीला टेकून रुमालाने चष्मा पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसत होत्या.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "एक पान म्हणाली होती ती बाई. एकच पान द्यायचं! मला काय हौस सहपत्रांची! नूतन, आज ह्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर…"

"नाही झालं ना ताई," आई म्हणाली. बाकावर बसून तिने डबा उघडला होता आणि मिस ओर्तेगाला घावण्यात चटणी कशी गुंडाळायची ते हातवारे करून दाखवत होती.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. "ताई, माझा पहिला नंबर काढून घेणार?"

विजूताईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बाईंसारखं बघितलं. "अजिबात नाही. फक्त निबंध नाही म्हणता येणार आता त्याला. कथा म्हणू." मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "जिन्यात उभी राहायचीस होय गं? आणि मी खाली फळा पुसत असायचे."

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. विजूताईंनी एक अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं, हे आम्हाला आत शिरल्या शिरल्याच कळलं, कारण सगळ्या जणी नेहमीसारख्या वागत होत्या. आईने काळी साडी नेसली होती. मी वाण वाटत होते, प्लास्टिकच्या गाळण्या.

पुण्याहून नुकत्याच आलेल्या एक रानडेबाई करंडा घेऊन ओळीने सगळ्यांना हळदीकुंकू लावत होत्या. आईपाशी आल्या, हळद लावली आणि ओळख म्हणून विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"त्यांचे बोटीवर असतात," शेजारच्या सामंतकाकूंनी परस्पर उत्तर दिलं. इतकी वर्षं सगळ्या देत होत्या तसंच.

"नाही हो काकू," आई म्हणाली. "बोटीवर नाहीत. टाकून गेले आम्हाला. दहा वर्षं झाली. आता कोर्टानेही लिहून दिलंय."

खोलीतलं बोलणं एकेक करून बंद झालं. कोपऱ्यात विजूताई तिळगुळाचा डबा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. रानडेबाईंचं कुंकवाचं बोट आईच्या कपाळापासून चार इंचांवर थांबलं होतं. पुढे जायचं की मागे यायचं, ते त्या बोटाला कळेना.

आईने त्या बोटाकडे बघितलं. मग रानडेबाईंकडे बघून हसली.

"लावा की हो," ती म्हणाली. "तो गेला निघून. कपाळ माझं इथेच आहे."

आणि पुढे केलं.